समाजमंदिर मातीच्या विटांचे असेल, तर आधी दरपृथक्करण तयार ठेवा

माण तालुक्यातील आपल्या गावाने समाजमंदिर यंत्रावर दाबलेल्या सिमेंटमिश्रित मातीच्या विटांत बांधायचे ठरवले आणि ‘सदर बाब दरसूचीत नाही’, म्हणजे शासनाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत नाही, एवढ्या शेऱ्यावर अंदाजपत्रक परत आले, असे आपण लिहिले आहे. पाटण तालुक्यातील आमच्या सभागृहाच्या फाइलवरही नेमका हाच शेरा होता. मी अभियंता नाही, बांधकाम समितीत काम केलेला गावकरी आहे. तेव्हा रचनेबाबत अंतिम शब्द आपल्या अभियंत्याचाच मानावा.

जागेचा उतारा, ग्रामसभेचा ठराव वगैरे आपण केलेच असेल. आमचे खरे नुकसान झाले ते एका कार्यालयात. दरसूचीबाह्य बाबीचे दरपृथक्करण, म्हणजे दर कसा आला याचा घटकवार हिशेब, जोडा, एवढे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. त्याऐवजी एक त्रुटी पुरी केली की दुसरी निघायची, आणि अशातच मार्चअखेर येऊन निधी परत गेला. पाडून ठेवलेल्या विटा पाटणच्या पावसात ताडपत्रीखाली राहिल्या आणि चळतीच्या तळाच्या, ओल ओढलेल्या विटांच्या कडा नखाने खरवडल्या तरी भुगा पडू लागला. त्या विटा नापास करण्यासाठी मात्र तेच कार्यालय तत्परतेने आले.

म्हणून माती खणणे, चाळणे, सिमेंट, यंत्राचे भाडे, मजुरी आणि पाणी मारणे असा प्रति घनमीटर हिशेब आधीच मांडून त्यावर अभियंत्याची सही घ्यावी. अशा विटांसाठी आयएस १७२५ हे भारतीय मानक आहे (सुधारित आवृत्ती २०१३). त्याचा उल्लेख करून भिजवलेल्या विटेच्या दाबशक्तीचा अहवाल जोडावा. चाचणीसाठी कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करता येईल. तोंडी होकारावर एकही वीट पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माती स्थानिक आहे म्हणून ती चालेलच, असे नाही. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते; विटांसाठी वाळूचा अंश असलेली मुरमाड तांबडी माती बरी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या भागात कोणी विसरलेले नाही, त्यामुळे जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली सलग आरसीसी पट्टे घेण्यात काटकसर नको. रॅट ट्रॅप बांधणीत (विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून) विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात, परंतु भिंत आतून पोकळ राहते. आपल्याकडे ती घ्यावी की नाही, हे अभियंत्यालाच ठरवू द्यावे.

छताचा विषय निघालाच आहे म्हणून पावसाच्या पाण्याबद्दलही: १०० चौरस मीटर छतावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी गळती-बाष्पीभवन वजा जाता ४० हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागते, आणि माणसारख्या दुष्काळी तालुक्यात ते सोडून देणे परवडणारे नाही. साठवणटाकी मूळ अंदाजपत्रकातच धरावी. मागाहून वाढीव बाब म्हणून टाकली, तर तिच्या मंजुरीसाठी पुन्हा त्याच टेबलासमोर उभे राहावे लागेल.