चाल बांधत असतानाच मिक्सिंग करत जावे का?

करू नये. मिक्सिंग म्हणजे ध्वनिमुद्रित केलेल्या प्रत्येक वाद्याच्या ट्रॅकचा आवाज उपकरणांनी घडवून ते सगळे एकमेकांत बसवणे. गाणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा सलग गाऊन होईपर्यंत ईक्यू (आवाजातली ठरावीक कंप्रता कमी-जास्त करणारे साधन) आणि कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारे साधन) यांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक ट्रॅक चढवल्याबरोबर तो बसवून मगच पुढे गेले की काम स्वच्छ राहते, असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. मीही अनेक वर्षे तसेच मानत होतो, आणि त्यापायी एका नाटकाचे गाणे मी जवळजवळ गमावले होते.

नाटक हौशी संस्थेचे होते आणि गाणे दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात होते. मुखडा मला एका संध्याकाळी सुचला, आणि पुढच्या नऊ रात्री मी त्या मुखड्याचेच मिक्सिंग करत बसलो. डग्ग्याची घुमक तानपुऱ्यावर चढत होती, ती आवरली. पेटीवर रिव्हर्ब, म्हणजे सभागृहात येतो तसा कृत्रिम घुमारा, चढवला. आणि मी माझ्या काळी एकमध्ये (सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गात असल्यामुळे पेटीचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, 277 हर्ट्‌झच्या आसपास फार घुमत होता, म्हणून तिथे चार डेसिबल कापले. मुखडा कानाला इतका तयार वाटू लागला की अंतऱ्यासाठी सुचलेली प्रत्येक ओळ त्याच्याशेजारी कच्ची वाटायची आणि मी ती टाकून द्यायचो. ओळी वाईट नव्हत्या, त्यांना फक्त रिव्हर्ब नव्हता; पण हे मला तेव्हा कळले नाही.

तालमीला आलेल्या गायिकेने मुखडा ऐकला आणि विचारले, “दादा, अंतरा कुठे आहे?” त्यानंतर तिने सांगितले की तिची पट्टी काळी चार आहे. मी पेटी नव्या पट्टीत पुन्हा वाजवली, मात्र ट्रॅकवरचा ईक्यू जुनाच राहिला. काळी एकचा तार षड्ज म्हणजे काळी चारचा मध्यम, आणि मुखड्याचा न्यास नेमका मध्यमावर होता. ज्या सुरावर गाणे येऊन थांबायचे, तोच सूर मी स्वतःच्या हाताने पोकळ करून ठेवला होता. शेवटी लॅपटॉप मिटून पेटीवर बसलो, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मुखड्याची दुसरी ओळ ही पहिलीचीच नक्कल होती, आणि नऊ रात्री रिव्हर्बने ती झाकली होती. दुसरी ओळ बदलल्यावर अंतरा त्याच दुपारी झाला.

त्या वेळी माझ्याबरोबर संयोजन करणारा मित्र म्हणायचा की कोरी पेटी कोणी ऐकत नाही, दिग्दर्शकाला तयार वस्तूच ऐकवावी लागते. हा वाद आमच्यात वर्षभर चालला आणि त्याचे म्हणणे मला आजही मान्य नाही. दिग्दर्शकाला पेटीवरून चाल कळत नसेल, तर त्याच्यासमोर बसून ती स्वतः गाऊन दाखवावी; तेवढ्याने त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर चालीतच काही कमी आहे असे समजावे आणि ती उणीव कॉम्प्रेसरने भरून काढू नये. कोणतीही गोष्ट थोडी मोठ्याने वाजवली की कानाला ती अधिक चांगली वाटते, आणि मिक्सिंग करताना आवाज नकळत वाढतच जातो. अशा कानाने स्वतःच्या चालीचा निवाडा होत नाही.

मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारे साधन) ठेवून वाजवायचे असेल, तर तेही टाळावे. पुढे येणारा आवाज आधी तपासता यावा म्हणून बरेचसे लिमिटर सगळाच आवाज थोडा उशिरा सोडतात, त्यामुळे कीबोर्डवर दाबलेला सूर मागून येतो आणि दादऱ्यासारख्या ठेक्यात हात चाचपडू लागतो.

मात्र तुम्ही कोणत्या प्रकारचे संगीत करता, हे प्रश्नात लिहिलेले नाही. सिंथेसायझरवरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात आवाजाचा पोत हीच रचना असते. तिथे फिल्टर फिरवणे हे चाल बांधण्याचेच काम आहे आणि माझे वरचे म्हणणे तिथे लागू होत नाही. तसेच एखादे वाद्य दुसऱ्याला झाकत असेल, तर फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकती खुंटी, खाली घ्यावा किंवा ते वाद्य थोडे डावी-उजवीकडे सरकवावे. एवढ्याला मी मिक्सिंग म्हणत नाही.