स्फोट फक्त वर फेकतो, काम हवा करते

वाचकांचे प्रश्न : या वेळी जुनी गॅस इंजिनं

प्रश्न : नमस्कार. मी देवगडचा, बरीच वर्षं मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त केली, आता गॅरेज मुलगा बघतो. घरी छोटं लेथ आहे आणि वेळही आहे. ऑटो आणि लँगेन या दोन जर्मनांच्या जुन्या गॅस इंजिनाचं चालतं मॉडेल करायचं मनात आहे, तेच ते उभं खांबासारखं, वर फ्लायव्हील म्हणजे जड चाक असलेलं. फोटोवरून मापं काढून सगळं आठ पटीने लहान केलं तर चालेल का? पिस्टनला रिंगा किती टाकू? आणि वरच्या क्लचऐवजी सायकलचं फ्रीव्हील लावलं तर?

उत्तर : नमस्कार. बोटीच्या इंजिनावर हात बसलेला माणूस या कामाला लागतोय याचा मला मनापासून आनंद आहे, पण सुरुवातीलाच सांगतो की डिझेल इंजिनाची एक सवय इथे पूर्ण बाजूला ठेवावी लागेल. तिथे जळणाचा दाब पिस्टनला ढकलतो आणि कनेक्टिंग रॉडमधून तोच जोर क्रँकवर जातो, इथे मात्र स्फोटाचा शाफ्टशी काहीच संबंध नाही. पिस्टन खाली असतो, फ्लायव्हीलच्या उरलेल्या फिरण्यावर एक छोटी यंत्रणा त्याला स्ट्रोकच्या साधारण दहाव्या भागाएवढं वर उचलते, तेवढ्यात गॅस आणि हवा आत येते, सरकता वॉल्व्ह ज्योत आत नेतो, स्फोट होतो आणि पिस्टन, त्याच्यावरच्या दात्यांच्या पट्टीसकट म्हणजे रॅकसकट, मोकळाच वर उडतो, त्या वेळी पिनियन, म्हणजे रॅकच्या दात्यांत बसणारं दातेरी चाक, शाफ्टवर नुसतं उलटं फिरत असतं. आता पिस्टनला वेग आहे, म्हणून आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला तरी तो थांबत नाही, पुढे जातो, आतला गॅस ताणला जातो, शिवाय थंड सिलेंडरला लागून आणखी गार होतो आणि आत पोकळी तयार होते. मग वरून बाहेरची हवा पिस्टनला खाली दाबते, त्यात त्याचं स्वतःचं वजन, आणि या खाली येण्यातच एकाच दिशेला पकडणारा क्लच पिनियनला शाफ्टशी जोडतो आणि फ्लायव्हीलला जोर मिळतो. हे डोक्यात पक्कं बसलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी जोर किती मिळणार ते बघू. समजा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ४० मिमी ठेवला, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंमी, पूर्ण पोकळी झाली तरी हवा जास्तीत जास्त १३ किलोच्या आसपास दाबणार. पूर्ण पोकळी कधीच होत नाही, निम्मी धरली तर साडेसहा किलो, तीही सुरुवातीला, पिस्टन खाली येईल तशी कमी होत जाणारी. एवढीच तुमची पुंजी. डिझेलमध्ये रिंगांनी थोडं खाल्लं तर कळतही नाही, इथे दोन-तीन घट्ट रिंगा टाकल्या तर त्यातला मोठा वाटा घर्षणातच जाईल. म्हणून माझं स्पष्ट मत, रिंग टाकूच नका. बिडाचा पिस्टन करा, लांबीला जरा जास्त, त्याच्यावर तेल धरायला तीन-चार बारीक खाचा, आणि बोअरमध्ये लॅपिंग करून, म्हणजे बारीक पावडर लावून घासून, दोन शतांश मिलीमीटरच्या आसपास फट राहील असा बसवा. सिलेंडरसाठी हायड्रॉलिकवाल्यांकडे होन केलेला, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेला पाइप मिळतो, ४० मिमीचा सहज मिळेल, तो घेतलात तर निम्मं काम वाचतं.

पिस्टन नीट बसला का ते गॅस लावायच्या आधीच तपासा. खालचा वॉल्व्ह उघडा ठेवून पिस्टन रॅकसकट वर धरा आणि सोडा, कुठेही न अडखळता स्वतःच्या वजनाने खाली आला पाहिजे. मग वॉल्व्ह बंद करून वर धरून सोडा, आता तो खालच्या कोंडलेल्या हवेवर टेकून सावकाश उतरला पाहिजे. शेवटी वॉल्व्ह बंद ठेवूनच पिस्टन तळापासून वर ओढा आणि सोडा, झटकन परत खाली गेला पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकाच पिस्टनने केल्याशिवाय बाकीच्या भागांना हात लावू नका, कारण पिस्टन मोकळाही हवा आणि गळताही कामा नये ही या इंजिनाची सगळ्यात अवघड मागणी आहे आणि ती नंतर कुठल्याही ॲडजस्टमेंटने भरून निघत नाही.

आता आठ पटीने लहान करायचं. बाहेरून दिसायला करा, आतल्या मापांना तसं करू नका. लांबी आठ पटीने कमी झाली की क्षेत्रफळ ६४ पटीने आणि घनफळ ५१२ पटीने कमी होतं, पण हवेचा दाब तेवढाच राहतो. पिस्टनचं वजन ५१२ पटीने उतरलं आणि त्याच्यावरचा हवेचा जोर ६४ पटीनेच, म्हणजे जोराच्या मानाने पिस्टन आठ पट हलका झाला. मूळ इंजिनात खाली येताना शेवटच्या टप्प्यात जळालेला गॅस बाहेर ढकलायचं काम मुख्यतः पिस्टनच्या वजनाने होतं, तुमच्या मॉडेलमध्ये ते वजनच पुरणार नाही आणि पिस्टन शेवटच्या थोड्या अंतरात रेंगाळेल. म्हणून रॅक जरा जाड ठेवा, पिस्टन भरीव ठेवा आणि एक्झॉस्टचं भोक प्रमाणापेक्षा मोठं करा. दुसरं म्हणजे घनफळाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ आठ पट वाढतं, म्हणजे गॅस जळता जळताच गार होतो, म्हणून स्फोटाच्या जागेत बारीक कोपरे आणि लांब नळ्या अजिबात नकोत, आणि पाण्याचं जॅकेट दिसण्यापुरतं ठेवलं तरी पुरे.

क्लचचं बघा. सायकलचं फ्रीव्हील सुचणं स्वाभाविक आहे, पण हिशेब करून बघा. आतल्या दात्यांची संख्या वीस धरली तर पकडायच्या आधी ते १८ अंशांपर्यंत रिकामं फिरू शकतं, पिनियन ४० मिमीचं असेल तर तेवढ्यात रॅक सहा मिमी खाली येतो, आणि हे नेमकं वरच्या टोकाला, जिथे हवेचा जोर सगळ्यात जास्त असतो. वर फ्लायव्हील फिरत असताना तो खट्टकन पकडणार, पहिल्या दिवशीच रॅकचे दाते दुखावतील. लँगेनची खरी करामत या क्लचमध्येच होती, दाते नसलेला, घर्षणाने कुठेही धरणारा क्लच. आज तेच काम वन-वे क्लच बेअरिंग करतं, आतल्या सुया एका बाजूला अडकतात आणि दुसऱ्या बाजूला सुटतात, जुन्या झेरॉक्स मशीनच्या भंगारातही सापडतात. फक्त शाफ्ट हार्डन केलेला पाहिजे, साध्या माइल्ड स्टीलवर त्या सुया खड्डे पाडतात आणि मग घसरायला लागतं. रॅक मॉड्यूल १ चा (मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप), पिनियन ४० दात्यांचं, आणि रॅकच्या पाठीमागे एक रोलर द्यायला विसरू नका, नाहीतर भार आला की रॅक पिनियनपासून लांब सरकतो.

एवढं झालं की २०० मिमी स्ट्रोक आणि २० मिमी उचल यावर एका वेळी आत येणारं मिश्रण २५ घन सेंमी, त्यात गॅस, ब्यूटेन वापरला तर, एक घन सेंमीपेक्षाही कमी. मिनिटाला तीसेक स्फोट धरले तर माझ्या अंदाजाने दोन वॅटच्या आसपास काम मिळेल, छोटा डायनॅमो फिरवून एक एलईडी लावायला पुष्कळ झालं. वरच्या टोकाला चामड्याचा किंवा रबरी बफर मात्र हवाच, एखादा स्फोट जास्त जोरात झाला तर पिस्टन थेट चौकटीवर आदळतो.

आवाज होणारच, त्याला घाबरू नका. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हे इंजिन खडखडत होतं आणि परीक्षकांना पहिल्यांदा ते आवडलंही नव्हतं, पण फ्रान्झ रॉयलो त्या मंडळात होते, लँगेनच्या ओळखीचे, त्यांनी गॅस किती लागतो ते मोजायचा आग्रह धरला आणि त्याआधीच्या, लेन्वारच्या गॅस इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी गॅस लागला. सुवर्णपदक मिळालं. निकोलाऊस ऑटो हा मुळात चहा-साखरेसारखा माल विकणारा फिरता विक्रेता, ना कॉलेज ना कारखान्याचं शिक्षण, याचं मला फार कौतुक वाटतं.

प्रश्न : काका, मी चिपळूणला आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं ज्योत ओढणारं छोटं इंजिन व्हिडिओत पाहिलं. ते पण हेच का? आधी ते करू का?

उत्तर : आधी तेच कर. दोन्हींत काम बाहेरची हवाच करते, पण तुझ्या इंजिनात स्फोट नसतो. पिस्टन बाहेर जाताना दिव्याची ज्योत एका भोकातून आत ओढतो, वॉल्व्ह बंद होतो, आतली गरम हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पिस्टनला परत ढकलते. त्याला साधा क्रँक असतो, रॅक नाही, वन-वे क्लच नाही. २० ते २५ मिमी बोअर घे, वॉल्व्ह म्हणजे पातळ स्टीलची पट्टी, ती भोकावर सपाट बसली पाहिजे, आणि बेअरिंगं इतकी मोकळी की फ्लायव्हीलला बोट लावलं की बराच वेळ फिरत राहावं. फिटिंगचं जे शिकतोयस ते सगळं यात लागतं. दिव्याला आडोसा कर, खाडीकडून वारा आला की ज्योत भोकापासून लांब जाते आणि इंजिन थांबतं, मग दोष वॉल्व्हमध्ये शोधत बसशील.

प्रश्न : कुडाळजवळ आमच्या गोठ्यामागे गोबर गॅस आहे. त्यावर असं मॉडेल चालेल का, की घरच्या सिलेंडरवर चालवू? आणि ज्योतीने पेटवायचं की ठिणगीने?

उत्तर : त्या काळी ही इंजिनं कोळशाच्या गॅसवर चालायची, मुंबईत १८६५ पासून रस्त्यावरचे दिवे ज्याच्यावर लागायचे तोच गॅस. त्यात जवळपास अर्धा हायड्रोजन, त्यामुळे मिश्रण थोडं कमी-जास्त झालं तरी पटकन पेट घ्यायचा. गोबर गॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो सावकाश जळतो आणि छोट्या सिलेंडरमध्ये जळून व्हायच्या आतच गार होतो. बोअर ६० मिमीच्या पुढे नेलात तर प्रयत्न करण्यासारखा आहे, एका भागाला हवेचे सहाएक भाग लागतील, आणि गॅस आधी लोखंडाच्या किसातून न्या, त्यातला सडक्या अंड्यांसारख्या वासाचा गॅस पितळ आणि बेअरिंगं खातो.

घरचा सिलेंडर नको. तो स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं नियमात बसत नाही आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत कोपऱ्यात साठतो. कॅम्पिंगच्या स्टोव्हचा ब्यूटेनचा छोटा कॅन घ्या आणि उघड्या पडवीतच चालवा, माजघरात नाही. ब्यूटेनला एका भागाला हवेचे तीसेक भाग लागतात, म्हणजे गॅसचं भोक सुईएवढं आणि त्याच्यावर बारीक फिरणारा सुईचा वॉल्व्ह. कॅनचा दाब थेट इंजिनाला देऊ नका, मध्ये एक पातळ रबरी पिशवी ठेवा, ती अर्धवट फुगलेली राहील इतकाच गॅस सोडा, जुन्या इंजिनांनाही अशीच पिशवी असायची. पेटवायला ठिणगीच वापरा. ज्योतीचा सरकता वॉल्व्ह बघायला सुंदर असतो, पण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात बाहेरची ज्योत सारखी विझते आणि मग न पेटलेलं मिश्रण आजूबाजूला जमा होतं.

प्रश्न : अलिबागला आमच्या आजोबांच्या भाताच्या गिरणीत मोठ्या चाकाचं इंजिन होतं. ते असंच असेल का?

उत्तर : नाही. ऑटोने १८७६ ला चार स्ट्रोकचं इंजिन केलं आणि त्यानंतर ही उंच इंजिनं लवकरच मागे पडली, कारण तीन हॉर्सपॉवरच्या पुढे ती जात नव्हती आणि त्यांना दहा-बारा फूट उंचीची जागा लागायची. तुमच्या गिरणीतलं बहुधा आडवं ऑइल इंजिन किंवा डिझेल असणार. नंबरप्लेटचा फोटो पाठवा, मग नक्की सांगता येईल.

प्रश्न : वेंगुर्ल्याला समुद्राजवळ राहतो. स्टीलचं काहीही केलं तरी पावसाळ्यात गंज. मॉडेलचा सिलेंडर टिकेल का?

उत्तर : टिकेल, पण तुमच्याकडे गंज दोन्ही बाजूंनी येतो. गॅस जळला की पाणी तयार होतं आणि या इंजिनाची भिंत थंडच असते, त्यामुळे ते पाणी बोअरमध्येच दव धरल्यासारखं बसतं, त्यावर खारी हवा, एका रात्रीत तांबूस थर. म्हणून चालवून झाल्यावर शेवटची काही मिनिटं गॅस बंद करून फ्लायव्हील हाताने फिरवा म्हणजे कोरडी हवा आत-बाहेर होते, मग पिस्टन बाहेर काढा, दोन्ही पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल तेल घरात असतं म्हणून वापरू नका, ते थंडीत थिजतं आणि उष्णतेने चिकट होतं, पिस्टन जागेवर धरून बसतो. वन-वे बेअरिंगमध्ये ग्रीस नको, पातळ तेलाचे दोन थेंब. जून ते सप्टेंबर सगळं मॉडेल झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत वापरा.