शेकडो डिजिटल रेडिओ स्टेशनं, तरी गाणी तीच तीच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘ठाण्याहून रोज गाडीने बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात जातो. एफएमचा कंटाळा आला म्हणून मोबाइलवरून डिजिटल रेडिओ लावायला लागलो. स्टेशनं शेकडो दिसतात, पण आठवडाभरातच सगळीकडे तीच गाणी वाजताहेत असं वाटायला लागतं. हा माझा भास आहे का? आणि खरोखर वेगवेगळी गाणी लावणारं स्टेशन ओळखायचं कसं?’

भास नाही. मी सहा वर्षं मुंबईतल्या एका खाजगी एफएमवर गाण्यांचं शेड्युलिंग करायचे, म्हणजे उद्या कुठल्या तासाला कुठलं गाणं लागणार याचा लॉग आज बनवायचे. आता आम्ही चौघं मिळून एक छोटासा मराठी इंटरनेट रेडिओ चालवतो, ठाण्यात चरईतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतून. तेव्हा तुमच्या तक्रारीत आरोपी म्हणून मला दोन्हीकडून उभं करता येईल.

आधी एफएमचं सांगते, कारण इंटरनेटवरच्या बऱ्याच स्टेशनांनी सवयी तिथूनच उचलल्या आहेत. गाणी आरजे निवडतो असा लोकांचा समज असतो. आमच्याकडे तरी आरजेच्या पुढ्यात तयार यादी यायची आणि तो तिला सहसा हात लावायचा नाही. यादी बनायची ‘क्लॉक’वरून. एका तासाचं वर्तुळ काढायचं आणि त्यात गाणी, जाहिराती, आरजेची लिंक (म्हणजे गाण्यांच्या मधलं बोलणं), जिंगल यांच्या जागा आखायच्या. गाण्यांचे गट पाडलेले असतात. सध्या सगळ्यात जोरात चालणारी गाणी पहिल्या गटात. आमच्याकडे या गटात सात गाणी आणि तासाला त्यांच्या तीन जागा. म्हणजे दर २ तास २० मिनिटांनी तेच गाणं परत. तुम्ही जाताना सव्वा तास आणि येताना सव्वा तास गाडीत असाल, तर सातातली तीन-चार जाताना आणि तीन-चार येताना कानावर पडणार. दोन-तीन दिवसांत सगळी पाठ.

सातच का, सहा का नाहीत? सहा घेतली की प्रत्येक गाणं बरोबर दोन तासांनी फिरून येतं आणि सकाळी नऊला लागलेलं गाणं रोज सकाळी नऊलाच लागतं. दिवसाच्या चोवीस तासांत या गटाच्या ७२ जागा. ७२ला ज्या आकड्याने पूर्ण भाग जातो तो आकडा घ्यायचा नाही, हा मला मिळालेला पहिला धडा. सहा, आठ, नऊ, बारा बाद. सात, अकरा, तेरा चालतात. शाळेत मूळ संख्या शिकताना त्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

यात स्टेशनवाल्यांचा आळस नसतो. लोक रेडिओ थोडा थोडा वेळ ऐकतात. तेवढ्यात अनोळखी गाणं लागलं की बटण दाबतात. आम्ही श्रोत्यांना फोनवर गाण्याचा मुखडा काही सेकंद ऐकवून विचारायचो: आवडतं का, कंटाळा आलाय का? ‘जरा वेगळी गाणी लावा’ म्हणणारेच ओळखीच्या गाण्यांना भरभरून मार्क द्यायचे. आमच्या घरचे धरून.

आता डिजिटलचं. बाहेर, म्हणजे युरोपात, ‘डॅब’ नावाची पद्धत आहे. तिच्यात एकाच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात अनेक स्टेशनं एकत्र जातात. नॉर्वेने तर २०१७मध्ये राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम बंदच केलं. स्टेशनांची संख्या वाढली की वैविध्य वाढायला हवं, नाही का? प्रत्यक्षात काय होतं ते ब्रिटनमधल्या ‘ॲब्सोल्युट रेडिओ’कडे पाहून कळतं. त्यांची ऐंशीच्या दशकाची गाणी लावणारं वेगळं स्टेशन, नव्वदच्या दशकाचं वेगळं. सकाळचा निवेदक सगळीकडे तोच, गाणी तेवढी त्या त्या दशकाची. एकूण दुकान मोठं झालं, पण तुम्ही ज्या कप्प्यासमोर उभे आहात तो अरुंद झाला. आपल्या ॲपवर ‘फक्त नव्वदचं दशक’, ‘फक्त पावसाची गाणी’, ‘फक्त किशोर’ असे जे चॅनल दिसतात त्यांचं हेच आहे. पावसाची गाणी असून असून किती असणार?

दुसरं कारण कायद्याचं आहे आणि ते श्रोत्याला दिसत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ‘३१ ड’ हे कलम आलं. रेडिओ आणि टीव्हीवाल्यांना ठरवून दिलेले दर भरून कुठल्याही म्युझिक कंपनीचं प्रकाशित झालेलं गाणं वाजवता येतं, कंपनीची वेगळी मनधरणी करावी लागत नाही. पण ही सवलत इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये दिला आणि २०२२मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. त्यामुळे इंटरनेट स्टेशनला प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र बोलणी करावी लागतात. ज्या दोन-तीन कंपन्यांशी जमलं, त्यांचीच गाणी चोवीस तास फिरवायची. एखाद्या ॲपवर अमुक एका काळातली भावगीतं सापडतच नसतील, तर कारण बहुधा हे असतं.

आणि तिसरं कारण आम्ही स्वतः करून पाहिलं आहे. रेडिओ सुरू केला तेव्हा आमच्याकडे ४,२०० गाणी होती. मी एफएमला इतकी कंटाळले होते की म्हटलं, क्लॉक नको, गट नकोत, सगळं शफलवर टाकू. बारा-तेरा दिवसांत एकही गाणं पुन्हा येणार नाही. चौथ्याच दिवशी श्रोत्यांचे मेसेज: ‘ताई, सारखी तीच तीच गाणी का लावता?’

मला खरंच राग आला. मग लॉग काढून बघितला. साठ्यात सुमारे ६०० गाणी आशाबाईंची, म्हणजे सातात एक. तासाला चौदा गाणी धरली तर दर तासाला सरासरी दोन त्यांची. आणि मागचं गाणं कुणाचं होतं हे शफल बघत नाही. दिवसाकाठी सहा-सात वेळा त्यांचीच दोन गाणी पाठोपाठ लागत होती. गाणी वेगळी होती, पण ऐकणाऱ्याच्या कानाला आवाज तोच, वाद्यमेळ त्याच काळातला, कधी कधी चालही एकाच संगीतकाराची. लोक गाणी मोजत नाहीत. ते ‘आत्ताच तर हे ऐकलं’ एवढंच मोजतात.

मग नियम घातला: एका गायकाचं गाणं लागलं की तास-दीड तास त्याच गायकाचं दुसरं नको. तरीही तक्रारी. म्हणून पुन्हा खणलं, तर सॉफ्टवेअर नाव अक्षरं जुळवून ओळखतं आणि आमच्या यादीत ‘भोसले’, ‘भोंसले’ आणि इंग्रजी स्पेलिंगं दोन, अशा चार वेगवेगळ्या आशाबाई होत्या. शिवाय एकच गाणं ‘सदाबहार’, ‘अवीट’, ‘सुवर्ण’ अशा पाच संकलनांतून पाच वेळा आलेलं. ४,२००ची वजाबाकी होत होत तीन हजारांच्या आत आली. दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी बसून यादी निवडली, घरात फराळ कमी आणि एक्सेल जास्त होतं.

त्याच सुमारास सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, एक वेगळीच चूक पकडली. सकाळी साडेसहाला यमनातलं भावगीत लागलं. ते चहाचा कप घेऊन खोलीच्या दारात उभे. ‘सूनबाई, दिवेलागण झाली का?’ विलायती सॉफ्टवेअरमध्ये गाण्याची लय, मूड, साल अशा सगळ्या नोंदींची सोय असते, प्रहराची नसते. आम्ही तो रकाना स्वतः जोडला. सकाळी सातपर्यंत अभंग, भूपाळ्या. यमन, मारवा संध्याकाळी. लावणी रात्री जेवणं झाल्यावर. बालगीतं चारच्या पुढे, मुलं शाळेतून आल्यावर. यादीत एकही गाणं न वाढवता लोक म्हणायला लागले, ‘आता बरीच नवीन गाणी लावता.’ कमी ऐकलेलं गाणं आम्ही दोन पक्क्या ओळखीच्या गाण्यांच्या मधे बसवतो आणि त्याआधी कवी-संगीतकाराचं नाव सांगून दोन वाक्यं बोलतो. नुसतं टाकलं तर लोक पळतात, ओळख करून दिली तर थांबतात.

ही युक्ती आमची नाही. ‘विविध भारती’ १९५७पासून हेच करत आली आहे: गीतकार सांगा, संगीतकार सांगा, चित्रपट सांगा, मग गाणं. ‘छायागीत’मध्ये निवेदक स्वतः गाणी निवडतो, म्हणून निवेदक बदलला की गाण्यांची जातच बदलते. आणि पुणे आकाशवाणीने १९५५-५६मध्ये वर्षभर आठवड्याला एक नवं गाणं देत ५६ गाण्यांचं गीतरामायण उभं केलं. शेड्युलिंगवाल्या माणसाला याचा विचार करूनच घाम फुटतो. पहिल्या गटात एकच गाणं, तेही कुणी कधी न ऐकलेलं, आणि लोक रेडिओपाशी येऊन बसताहेत!

जाता जाता, ‘वर्ल्डस्पेस’ आठवतो का? उपग्रहावरचा, वर्गणी भरून ऐकायचा रेडिओ. शास्त्रीय संगीताचा ‘गंधर्व’, जुन्या हिंदी गाण्यांचा ‘फरिश्ता’. आमच्या तेव्हाच्या घराला खाडीच्या बाजूची गॅलरी होती म्हणून सिग्नल मिळायचा, अँटेना पूर्वेकडे आकाशात रोखावी लागायची. पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे घराचं तोंड असलेले शेजारी आमच्याकडे ऐकायला यायचे. ३१ डिसेंबर २००९ला भारतातलं प्रसारण थांबलं. तिथे चॅनल थोडे होते, पण एकेका चॅनलमागे जाणकार माणूस बसलेला ऐकू यायचा.

आता तुमच्यासाठी. नवीन स्टेशन सापडलं की ‘आमच्याकडे इतकी हजार गाणी’ या जाहिरातीकडे बघू नका. दोन दिवस एकाच वेळी, समजा सकाळी साडेआठला, अर्धा तास ऐका. पहिल्या दिवशीची दोन-तीन गाणी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला भेटली तर क्लॉक बनवणाऱ्याने मघाचा ७२चा हिशेब केलेला नाही. एका तासात किती गायक, किती संगीतकार, किती दशकं आली ते बोटांवर मोजा. गाण्याआधी कुणी माणूस बोलतो का, आणि गीतकाराचं नाव घेतो का, ते बघा. नाव घेणारा माणूस गाणी सहसा विचार करून लावतो.

सुरुवात ‘न्यूजऑनएअर’पासून करा, आकाशवाणीचंच ॲप आहे आणि फुकट आहे. त्यात २०१६ साली सुरू झालेलं शास्त्रीय संगीताचं ‘रागम’ आहे, ‘विविध भारती’ आहे, पण माझा आग्रह गावोगावच्या केंद्रांसाठी. रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली, जळगाव. मधेच बाजारभाव आणि शेतीचा सल्ला लागेल, निवेदन कधी रेंगाळेल, आवाज एकदम खाली-वर होईल. पण भजनी मंडळ, लोकगीतं, स्थानिक कलाकारांची ध्वनिमुद्रणं, असं तिथे जे कानावर पडतं ते कुठल्याही ‘मराठी हिट्स’ चॅनलच्या सात गाण्यांत बसणार नाही. एक स्टेशन एक आठवडा, मग दुसरं, असं फिरवा.

आमच्या रेडिओचं नाव इथे लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. शिवाय मागच्या गुरुवारी माझ्याच हातून एकच अभंग पाऊण तासात दोनदा लागला. अण्णांनी दारात येऊन बोटं वर केली, दोन, आणि काही न बोलता चहा प्यायला गेले.