विहिरीत पोहता येतं, व्हेल शार्क पाहायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय, की घरची शेती आहे, लहानपणापासून विहिरीत पोहता, समुद्र अजून पाहिलेला नाही. व्हेल शार्क आणि मँटा रे (पंख पसरल्यासारखा दिसणारा मोठा चपटा मासा) यांच्यासोबत स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं, करायला थेट मालदीव गाठावं का?

थेट नको, भाऊ. आधी अंदमान, मग मालदीव. मी दारव्ह्याकडचा. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकलो, म्हणून सांगतो, विहिरीतली एक सवय तुम्हाला मोडावी लागेल. आपल्याकडे डुबी मारून जो जास्त वेळ दम धरेल तो पट्टीचा. स्कूबात दम धरायचाच नाही. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. विहिरीत आपण वरून घेतलेली हवा खाली दबते आणि वर येताना होती तेवढीच होते, म्हणून काही बिघडत नाही. टाकीतली हवा मात्र त्या खोलीच्या दाबाने मिळते. दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलात, तर ती दुप्पट फुगते. फुफ्फुस फाटू शकतं. पहिल्या दिवशी माझ्याकडून हे चारदा झालं. दर वेळी शिकवणाऱ्या बाईंनी मला जागीच थांबवून श्वास सुरू करायला लावला. ही सवय मोठ्या माशासमोर नाही, उथळ पाण्यात मोडायची असते.

त्यासाठी अंदमानातलं स्वराजद्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. नागपूरहून रेल्वेने चेन्नई, पुढे विमानाने पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), तिथून बोट. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, तीन-चार दिवसांचा असतो आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं, ही परीक्षा तुम्ही सहज द्याल. मालवण-तारकर्लीला एखादी डुबी मारून पाहायला हरकत नाही, पण तेवढ्या बळावर मालदीवला जाऊ नका. कोर्सनंतर आणखी दहा-बारा डाइव्ह करा, हातपाय न मारता पाण्यात एका जागी स्थिर राहता येईपर्यंत. मँटा ठरावीक खडकांवर अंग साफ करून घ्यायला येतो, छोटे मासे त्याच्या कातडीवरचे परजीवी खातात. आपण बाजूला, खाली, शांत राहिलो तर तो डोक्यावरून घिरट्या घालतो. एकाने जरी पाठलाग केला तरी निघून जातो. ताडोब्यात पाणवठ्यावर वाघाची वाट पाहिली असेल तर वेगळं सांगायला नको.

आता मालदीव. दक्षिण अरी अटॉलला (अटॉल म्हणजे कड्यासारखा प्रवाळबेटांचा समूह) व्हेल शार्क वर्षभर असतात. तिथे दिसतात ते बहुतेक वयात न आलेले नर, पाच-सात मीटरचे. पूर्ण वाढलेला मासा एसटीच्या बसपेक्षाही लांब होतो. तो प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खातो आणि पृष्ठभागाजवळ पोहतो, त्यामुळे त्याच्यासोबत बहुतेकदा टाकीशिवाय, मास्क, स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) आणि फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पर) लावूनच उतरतात. बा अटॉलच्या हनिफारू उपसागरात मँटांचे थवे चरायला येतात, तिथे तर टाकीला बंदीच आहे. म्हणजे विहिरीतला तुमचा दम इथे खरा कामाला येतो!

हनिफारूचा हंगाम मात्र आपल्या खरिपात पडतो. पेरणी किंवा सोयाबीन सोडून कोण जाणार? कापूस-तूर आटोपून फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. तेव्हा मँटा अटॉलांच्या पश्चिम बाजूला असतात, व्हेल शार्क असतातच, आणि अंदमानचाही तोच चांगला काळ. दक्षिण अरीतल्या दिगुरासारख्या गावाच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहा, रिसॉर्टची गरज नाही. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो.

एक गोष्ट मला फार लागली. मी गेलो तेव्हा एका माशाभोवती पाच बोटी होत्या आणि लोक अक्षरशः त्याच्या अंगावर जात होते. बोटींच्या पंख्याने कापलेले व्हेल शार्क तिथे आढळतात. पैसे भरण्याआधी विचारा, एका वेळी किती जण पाण्यात सोडता, गर्दी असेल तर थांबता का. अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर दूर राहायचं, हात लावायचा नाही. खायला घालून मासे बोलावतात तिथे जाऊच नका.

सर्दी असेल त्या दिवशी उतरू नका, कान मोकळे होत नाहीत. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनीच धरा.