जॅक ललेन, एक खुर्ची आणि सकाळचा अर्धा तास

प्रश्न असा आहे: अमेरिकेत टीव्हीवर सुरुवातीच्या काळात व्यायाम शिकवणारे लोक कुणाला आठवतात का? निरोगी राहण्याबद्दल ते काय सांगत? आणि साठी ओलांडलेल्या, आयुष्यात कधी व्यायाम न केलेल्या आईला त्यातलं आज काही घेण्यासारखं आहे का?

मला आठवतात, आणि चांगले आठवतात. 1976 मध्ये लग्न होऊन मी साताऱ्याहून कॅलिफोर्नियात ओकलंडला आले. हे सकाळी सातला कामावर जात, ते संध्याकाळी सहाला परत. गाडी चालवता येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, बाहेर पाऊस. घरात एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. एके दिवशी तो लावला तर घट्ट जंपसूट घातलेला, बुटका पण पिळदार माणूस थेट माझ्याकडे बघून म्हणाला, की आता स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन या. मी उठले आणि खुर्ची आणली. इतक्या हक्काने त्या देशात तोवर मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

ते जॅक ललेन. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, हे मला फार नंतर कळलं. जन्म 1914 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडील फ्रान्सहून आलेले. त्यांचा कार्यक्रम 1951 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्थानिक वाहिनीवर सुरू झाला. सुरुवातीला वेळेचे पैसे ते स्वतःच्या खिशातून भरत. 1959 पासून तो देशभर दिसू लागला आणि 1985 पर्यंत चालला. चौतीस वर्षं.

त्या कार्यक्रमात यंत्र कसलंच नसे. एक खुर्ची, एक टॉवेल, कधी झाडूचा दांडा, मागे ऑर्गनचं संगीत. खुर्चीची पाठ धरून एक पाय मागे, मग बाजूला. खुर्चीच्या कडेवर बसून गुडघे वर. टॉवेल दोन्ही हातांत ताणून डोक्यावरून मागे. ते करत करत सांगत जात की हा स्नायू कुठला, याने काय होतं. माझं इंग्रजी पुस्तकी होतं, बोललेलं अर्धं डोक्यावरून जायचं. पण मांडी, पोटरी, खांद्याचं पातं या सगळ्यांची इंग्रजी नावं मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांनी हात लावून दाखवायचं, मी आपल्या अंगावर तिथेच हात लावायचा. पाचवारीचा पदर कमरेला खोचून मी हे करत असे. दुसऱ्या आठवड्यात सलवार-कमीज घालून सुरू केलं, कारण साडीत पाय बाजूला जाईना.

कार्यक्रम बायकांसाठी होता हे त्यांनी कधी लपवलं नाही. सुरुवातीच्या काळात सकाळी टीव्हीसमोर मुलं असत, म्हणून ललेन यांनी एक पांढरा जर्मन शेफर्ड कुत्रा आणला. त्याचं नाव हॅपी. कुत्र्याच्या करामती बघायला मुलं जमली की ललेन त्यांना सांगत, जा, आईला घेऊन या, आपण सगळे मिळून व्यायाम करू. मला ही युक्ती फार आवडते. घरातल्या बाईला दिवसातून अर्धा तास स्वतःसाठी बसवायचं तर बोलवायला मूल पाठवावं लागतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आमच्या घरी सूर्यनमस्कार होते. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा जो प्रसार केला, त्याचं वारं सातारा भागात घरोघरी पोचलं होतं, आणि माझे आजोबा सत्तरीपर्यंत पहाटे नमस्कार घालत. खरं तर राजेसाहेबांनी नमस्कार बायकांसाठीही सांगितले होते, त्यांच्या घरातल्या स्त्रियाही ते घालत. पण आमच्या वाड्यात ते पुरुषांचेच राहिले. आजी पहाटे उठे ती चुलीकडे. तिचं कष्टाचं काम म्हणजेच व्यायाम, असं सगळे म्हणत, आणि पन्नाशीत ती कमरेतून वाकली. कष्ट आणि व्यायाम यांत फरक असतो, हे मला परक्या देशात टीव्हीवरच्या एका माणसाने दाखवलं. कष्टात शरीर एकाच बाजूने झिजतं. व्यायामात सगळी बाजू फिरवायची असते.

ते काय सांगत? मुख्य गोष्ट एकच: व्यायाम राजा आणि आहार राणी, दोघांना एकत्र आणलं की राज्य होतं. राजा आधी, राणी नंतर, हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही. आहाराबद्दल मात्र ते फार कडक होते. पांढरी साखर आणि मैदा म्हणजे शत्रू. माणसाने कारखान्यात बनवलेलं खाऊ नका. तुमच्या कुत्र्याला सकाळी कॉफी, सिगरेट आणि डोनट द्याल का, असं विचारायचे. मग स्वतःला कसं देता?

हा राग अनुभवातून आला होता. लहानपणी ते साखरेच्या आहारी गेलेले, चिडखोर, अशक्त मुलगा होते. पंधराव्या वर्षी आई त्यांना ओकलंडमध्ये आहार-आरोग्याचे उपदेशक पॉल ब्रॅग यांच्या व्याख्यानाला घेऊन गेली. सभागृह भरलेलं, म्हणून मायलेकांना थेट व्यासपीठावर बसवलं. व्याख्यानानंतर ब्रॅग यांनी मुलाला विचारलं, काय खातोस? केक, ‘पाय’ नावाचा गोड भाजलेला पदार्थ, आइस्क्रीम, असं त्याने सांगितल्यावर ते म्हणाले, तू तर चालता-बोलता कचऱ्याचा डबा आहेस. त्या रात्रीपासून मुलाने साखर सोडली. (या ब्रॅग यांनी पुढे स्वतःचं वय चौदा वर्षांनी वाढवून सांगितल्याचं उघड झालं. आरोग्याचा उपदेश करणाऱ्यांचं ऐकताना ही गोष्ट मी कायम लक्षात ठेवते.)

1936 मध्ये, एकविसाव्या वर्षी, ललेन यांनी ओकलंडमध्येच व्यायामशाळा काढली. आज जिममध्ये खिळ घालून वजन बदलायची किंवा पायाने वजन उचलायची जी यंत्रं दिसतात, त्यांतल्या कित्येकांची सुरुवातीची रूपं त्यांनी तिथे एका लोहाराकडून करून घेतली. तेव्हाचे डॉक्टर लोकांना सावध करत, की वजनं उचलाल तर हृदयविकार होईल, बायका पुरुषांसारख्या दिसतील, खेळाडूंचे स्नायू आखडून जातील. ललेन मात्र बायकांना, म्हाताऱ्यांना, अपंगांना वजनं उचला म्हणून सांगत राहिले. आज जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, म्हाताऱ्यांनीसुद्धा. ज्या गोष्टीसाठी त्यांना वेड्यात काढलं, ती त्यांच्या हयातीतच सर्वमान्य झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्यांच्या अचाट करामतींबद्दल खूप लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगते. 1956 मध्ये 23 मिनिटांत 1,033 जोर. साठाव्या वर्षी हाताला बेड्या आणि पायांत साखळ्या घालून, सुमारे साडेचारशे किलोंची होडी ओढत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आल्कट्राझ बेटापासून किनाऱ्यापर्यंत पोहणं. सत्तराव्या वर्षी लाँग बीचला सत्तर माणसं बसलेल्या सत्तर होड्या ओढणं. लोकांचं लक्ष वेधायला हे लागतच असेल. माझ्या लेखी मोठं काम ते रोज सकाळचं, खुर्चीचं.

त्यांच्या पत्नी एलेन यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. त्या टीव्ही केंद्रात नोकरीला होत्या, पाहुणे ठरवायचं काम करत. नव्वद मिनिटांच्या पूर्ण कार्यक्रमभर हा माणूस जोर मारत राहू शकतो असं कळल्यावर त्यांनी ललेनना बोलावलं. पहिल्या भेटीत त्यांच्या हातात डोनट आणि सिगरेट होती, आणि ललेन यांनी तोंडावर सांगितलं की याऐवजी सफरचंद, केळी, संत्री खा. राग यावा असंच बोलणं. पण त्या बदलल्या, 1959 मध्ये दोघांचं लग्न झालं, आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचा व्यायाम चालू राहिला.

ललेन एकटे नव्हते. बॉनी प्रुडन यांचं काम माझ्या मते तितकंच मोलाचं. त्या गिर्यारोहक. त्यांनी मुलांच्या ताकदीच्या आणि लवचिकपणाच्या अगदी साध्या सहा चाचण्या घेतल्या, तर त्यांत निदान एकीत तरी नापास होणारी अमेरिकन मुलं 57.9 टक्के निघाली आणि युरोपातली फक्त 8.7 टक्के. हे आकडे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत पोचले आणि 1956 मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी सरकारी परिषद नेमली गेली. मग टीव्हीवरूनही त्यांनी व्यायाम शिकवला. डेबी ड्रेक 1960 च्या सुमारास आल्या, रोजचा कार्यक्रम देशभर दाखवला गेलेल्या पहिल्या स्त्री. त्यांचं शिकवणं स्वच्छ होतं, पण रोख बांध्यावर आणि नवऱ्याला आवडण्यावर; नवऱ्याला खूश कसं ठेवावं अशा अर्थाच्या नावाची व्यायामाची तबकडीही त्यांनी काढली होती. तो विचार मला तेव्हाही पटला नसता. ललेन बाईला तिच्या स्वतःच्या ताकदीसाठी उठ म्हणत.

आणि लिलियस फोलन. 1970 पासून सिनसिनाटीहून त्या टीव्हीवर योग शिकवत. लांब वेणी, शांत आवाज. पहिलं मूल झाल्यावर मी त्यांचा कार्यक्रम बघू लागले. कैवल्यधाम लोणावळ्याला आणि अय्यंगार पुण्यात असलेल्या प्रदेशातून मी आले, आणि श्वास सोडत पुढे वाकायचं हे मला एका अमेरिकन बाईने शिकवलं. याची मला खंत वाटली, आणि तिच्याबद्दल कृतज्ञताही.

ललेन यांचं सगळं मी ऐकलं नाही. दूध त्यांना वर्ज्य. वासराचं अन्न माणसाने का खावं, असं ते म्हणत. जेवणात ताक नाही ही कल्पना मला करता आली नाही आणि करायची गरजही वाटली नाही. ते जीवनसत्त्वांच्या बऱ्याच गोळ्या रोज घेत आणि विकतही. नीट जेवणाऱ्या माणसाला मूठभर गोळ्यांची गरज असते असं मला वाटत नाही. चवीला चांगलं ते थुंकून टाका, हेही त्यांचं म्हणणं. ते मला अन्नाचा अपमान वाटतं. पण साखरेबद्दल त्यांचं बरोबर होतं. माझ्या माहेरी तीन भावंडांना मधुमेह आहे. मी चहातली साखर 1978 मध्ये सोडली, श्रीखंड पाडव्याला एकदा खाते.

ललेन 2011 मध्ये गेले, 96 व्या वर्षी. शेवटपर्यंत रोज सुमारे दोन तास व्यायाम करत. आणि आपल्याला व्यायाम करायला आवडत नाही, झाल्यावर जे वाटतं ते आवडतं, हे ते मोकळेपणाने सांगत. हे ऐकून मला फार धीर आला होता, कारण मलाही कधी आवडला नाही.

आता तुमच्या आईंबद्दल. गुडघ्यांचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग ललेन यांचा एकच व्यायाम घ्या: खुर्चीच्या कडेवर बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, हात छातीवर, आणि हातांचा आधार न घेता उठायचं, हळू बसायचं. वयाबरोबर मांड्यांची ताकद कमी होत जाते आणि संडासला, गाडीत, देवापुढे बसता-उठताना तीच लागते. फिजिओथेरपिस्ट तर तीस सेकंदांत माणूस किती वेळा उठतो यावरूनच पायांची ताकद मोजतात. पहिल्या आठवड्यात पाच वेळा पुरे, हात टेकून उठावं लागलं तरी चालेल. रोज एकाच वेळी करा. चहाचं आधण ठेवलं की, असं ठरवा.

खुर्ची चाकांची किंवा प्लास्टिकची नको, जड लाकडी घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. ओकलंडच्या त्या घरात माझ्या खुर्चीच्या एका पायाचं रबर निघालं होतं. लिनोलियमच्या गुळगुळीत जमिनीवर ती मागे सरकली आणि मी जमिनीवर बसले. तेव्हा मला तिसरा महिना होता. काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी खुर्ची फ्रिजला टेकवून ठेवू लागले. पहिले काही दिवस तुम्ही आईंच्या समोर उभ्या राहा, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही उठा-बसा.