वाचकांचे प्रश्न: पाळकसाहेबांची बदली झालीये, आता प्रार्थना नक्की कशासाठी करायची?

प्रश्न: ताई, ख्रिस्तात सलाम. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची बदली झालीये, नवीन कोण येणार ते डायोसिसकडून, म्हणजे बिशपसाहेबांच्या ऑफिसातून, अजून कळलेलं नाही. मंडळीत सरळ दोन गट पडलेत, एकांना अमुक पाळक हवेत, दुसऱ्यांना तमुक, आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं तर विचारूच नका. कमिटीने दर बुधवारी उपास-प्रार्थना ठेवलीये. पण निर्णय तर वर ऑफिसात होणार ना, मग आपण प्रार्थना करून काय फरक पडतो?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: सलाम दादा. ऑर्डर ऑफिसातूनच निघते, खरंय. आणि आपल्याला हवा तोच माणूस यावा म्हणून जर सगळे गुडघे टेकणार असतील तर दोन्ही गट एकाच हॉलमध्ये बसून एकमेकांच्या विरुद्ध प्रार्थना करणार, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं!

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय काढा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची बारा प्रेषितांमधली जागा रिकामी झालेली, सुमारे 120 जण जमलेले, आणि नावं आली दोन, बर्सबा म्हणतात तो योसेफ आणि मत्थिया. त्यांनी प्रार्थना काय केली तर प्रभू, तू सगळ्यांची मनं ओळखतोस, यातला तू कोण निवडलायस ते दाखव. बास. मग चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली. आता बर्सबाच्या बाजूच्यांनी वेगळी मंडळी काढली असं कुठे वाचलंत का? (आपल्याकडे असतं तर दुसऱ्या दिवशी कोर्टाचा स्टे आला असता.) फरक पडतो तो इथे, ऑर्डरवर कुणाचंही नाव असलं तरी त्याला आपला म्हणायची मनाची तयारी आधीपासून झालेली असते. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्यानेही बायबलच्या गणना पुस्तकात, अध्याय 27 मध्ये, देवाकडे आपल्यामागे लोकांना सांभाळणारा माणूस मागितला, त्याला स्वतःची दोन मुलं होती पण कुणाचंच नाव पुढे केलं नाही.

अजून एक, जाणाऱ्या पाळकांना आपण हार घालतो, जेवण देतो आणि विसरतो. प्रेषितांच्या काळात अंत्युखिया शहरातल्या मंडळीने बर्णबा आणि शौल (पुढचा पौल), म्हणजे आपली सगळ्यात चांगली माणसं, उपास-प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून पाठवली. तुमच्या साहेबांच्या मुलांना आता नवी शाळा, पाळकीणबाईंची नोकरी असेल तर तिचं काय, घरात म्हातारं माणूस असेल तर त्याचे डॉक्टर, हे सगळं बुधवारी नाव घेऊन मागा की.

नाव घ्यायचं नाही ते विरोधी गटातल्या माणसाचं. "प्रभू, अमक्या भावाला सुबुद्धी दे" ही प्रार्थना नसते हो, टोमणा असतो, आणि तो ज्याला लागायचा त्याला बरोबर लागतो. ग्रुपचे अ‍ॅडमिन तुम्ही असाल तर ऑर्डर येईपर्यंत बदलीचा विषय बंद ठेवा. बुधवारी मात्र जा, आणि जमलं तर दुसऱ्या गटातल्या कुणाच्या तरी शेजारी बसा.