वाचक विचारतात : खरी वाटणारी रॅली

प्रश्न : काका, मी अंबड एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या कटिंग मशिनवर) आहे. वय २८. लहानपणी गाड्यांचे गेम खेळायचो ते नुसतं ॲक्सिलेटर दाबून. आता रॅलीचा (कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरच्या मोटार शर्यतीचा) असा गेम हवाय ज्यात गाडी खरी वाटेल. एक मित्र म्हणतो सगळ्यात नवा घे. दुसरा म्हणतो, २००४चा एक गेम आहे, त्याच्या तोडीचं अजून काही आलेलं नाही. माझ्याकडे पाच वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड साधंच, आणि एक कंट्रोलर. स्टिअरिंगही घ्यायचं मनात आहे, पण एवढे पैसे एकदम घातले तर घरी बोलणी खावी लागतील. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : काका म्हणालास, आता मीही तुला अरे-तुरेच करणार. द्वारका चौकापलीकडे माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या गाड्यांचा टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, बघतोय. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘गाडी डावीकडे खेचते.’ दहातल्या चार वेळा टायरमधली हवा कमी-जास्त असते. हे एवढ्यासाठी सांगितलं, की गाडी ‘कशी वाटते’ आणि ‘का तशी वाटते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेम निवडताना तुला दुसरी हवी आहे.

बऱ्याच पोरांना वाटतं, अवघड म्हणजे खरा. दर वळणाला गाडी गरकन फिरली की म्हणतात, बघा किती रिॲलिस्टिक! तसं नसतं. खरी गाडी बरीच समजूतदार असते. काय होणार आहे ते ती आधी सांगते, आपलंच लक्ष नसतं.

माझी फूटपट्टी एकच. चालत्या गाडीचं वजन पुढून मागे, डावीकडून उजवीकडे सरकत असतं. ते आत्ता कुठे आहे हे गेम कळू देतो का? बाकी चिखल, धुरळा, सूर्यास्त ही सजावट.

वीसेक वर्षांपूर्वी पेठच्या रस्त्यावर सावळघाटात, पहिल्या पावसात, माझ्या मारुती आठशेनं मला हे शिकवलं. उताराचं वळण होतं, वेग फार नव्हता. वळणात शिरल्यावर समोर ट्रक दिसला आणि घाबरून मी ॲक्सिलेटरवरून पाय एकदम उचलला. ब्रेकला हातही (म्हणजे पायही) लावला नव्हता. तरी सगळं वजन पुढच्या चाकांवर आलं, मागची हलकी झाली आणि गाडीचं बूड बाहेर निघालं. सीटखाली कोणी सतरंजी ओढल्यासारखं वाटलं. कठड्याच्या हातभर अलीकडे थांबलो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हे असंच होतं. रॅलीवाले हीच गोष्ट मुद्दाम करतात. पाय उचलून किंवा डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून नाक वळणात घालतात, मागचं बूड फिरवून घेतात आणि मग पुन्हा ॲक्सिलेटर. तू हे घाटात करून बघू नकोस. गेम त्यासाठीच आहे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ‘डर्ट रॅली २.०’ या गेममध्ये न्यूझीलंडच्या खडीच्या रस्त्यावर लॅन्सिया फुल्विया चालवत होतो. वळणात पाय उचलला आणि तेच झालं. खुर्ची जागची हलली नव्हती, तरी पाठीला कळलं. तुझी चाचणीही हीच ठेव. साधी, कमी ताकदीची, पुढची चाकं ओढणारी गाडी घे, दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शीर आणि पाय उचल. नाक आत आणि बूड बाहेर आलं तर गेम खरा. काहीच झालं नाही, किंवा गाडी खेळण्यासारखी जागच्या जागी भिरभिरली, तर सोडून दे.

आता नावांकडे येतो. तुझा दुसरा मित्र म्हणतो तो ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. बर्न्स २००१चा जागतिक रॅली विजेता, हे विजेतेपद मिळवणारा पहिला इंग्रज. २००५मध्ये मेंदूच्या गाठीनं गेला, वय फक्त ३४. गेम २००४चा, त्यामुळे चित्रं जुनाट वाटतात, पण टायर, सस्पेन्शन, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) यांचं गणित इतकं पक्कं होतं की चाहत्यांनी तो आजवर मरू दिलेला नाही. नव्या गाड्या, नवे रस्ते, सुधारलेलं गणित आणि रोजच्या ऑनलाइन रॅली, सगळं त्यांनी स्वतःच्या हौसेनं उभं केलंय. तुझ्या लॅपटॉपवर तो मजेत पळेल. अडचणी दोन. मूळ गेम आता दुकानात नवा मिळत नाही, आणि कंट्रोलरवर तो खेळणं म्हणजे बोटांना पट्टी बांधून जिलबी पाडण्यासारखं आहे. त्याला स्टिअरिंगच हवं. त्यात ड्रायव्हिंग शिकवणारी एक शाळा आहे, ती टाळू नकोस. मी टाळली होती आणि महिनाभर झाडं मोजत बसलो.

पहिल्या मित्राचा नवा म्हणजे बहुधा ‘ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी’, नोव्हेंबर २०२३चा. गाड्या भरपूर, स्टेज (रॅलीतले वेळ मोजले जाणारे टप्पे) लांबलचक, काही तर तीस किलोमीटरच्या वर. डांबरावर गाडी धरून चालते ती ‘डर्ट रॅली २.०’पेक्षा बरी. पण तो जड आहे, तुझ्या लॅपटॉपला धाप लागेल. त्यात कंपनीनं २०२५मध्ये पुढच्या रॅली गेमचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२५पासून ‘असेटो कोर्सा रॅली’ अर्धवट अवस्थेत विक्रीला आहे. हाताला तो मला फार आवडला, पण तुझ्या यंत्रावर नको. नवा लॅपटॉप घेशील तेव्हा बघू.

म्हणून माझं मत : आधी ‘डर्ट रॅली २.०’. २०१९चा आहे, सेटिंग खाली आणलं की साध्या कार्डवर चालतो, आणि कंट्रोलरवरसुद्धा वजन कळतं. एक गोष्ट त्यात मला फार पटते. पुढे गेलेल्या गाड्यांमुळे रस्ता उकरत जातो. उशिरा निघालास तर चाकोऱ्या पडलेल्या मिळतात आणि गाडी त्यांत ओढली जाते. पावसाळ्यात दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधून पिकअप गेल्यावर मुरमाचा रस्ता कसा होतो, ते आठव. खोट एवढीच, की त्यातला स्वतःचा संघ चालवण्याचा भाग इंटरनेटशिवाय उघडत नाही. आणखी एक : गाड्या गेममध्ये दाखवायचे परवाने संपले की असे गेम विक्रीतून काढून टाकतात. दिसतोय तोवर, सवलत लागली की घेऊन टाक.

सुरुवात मिनी कूपर किंवा फुल्वियापासून कर. लोक पहिल्याच दिवशी ग्रुप बी या ऐंशीच्या दशकातल्या अतिताकदीच्या वर्गातली ऑडी क्वात्रो काढतात. ज्या वर्गाच्या गाड्या माणसं मेल्यावर १९८६च्या अखेरीस बंद कराव्या लागल्या, त्यात तू पहिल्या दिवशी काय शिकणार?

आणि शेजारी बसणाऱ्याचं (को-ड्रायव्हरचं) ऐक. ट्रकचा किन्नर जसा ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो, तसाच हा. फक्त हा पुढचं सांगतो. आकडे एक ते सहा : एक म्हणजे कोपरासारखं वळण, सहा म्हणजे जवळपास सरळ. ‘डावं चार, पुढे आवळतं’ असं ऐकलंस की पहिल्या अर्ध्यात वेग चोरून ठेवायचा. या गेममध्ये आवाज फिल मिल्सचा आहे, २००३च्या जागतिक रॅली विजेत्या पेटर सोलबर्गच्या शेजारी बसलेला माणूस. गाणी बंद ठेव.

आता स्टिअरिंग. तू सीएनसीवाला, तुला बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधला ढिलेपणा, समजावून सांगायला नको. स्वस्तातल्या स्टिअरिंगमध्ये मोटरचा जोर दातेरी गिअरमधून हाताला येतो. मध्यावर किंचित ढिलं लागतं, खडबडीत रस्त्यावर खडखडतं. लॉजिटेकचं जी २९ या जातीचं, ९०० अंश फिरणारं. टिकाऊ आहे. पट्ट्यावर चालणारं त्याहून मऊ. तुझ्या मशिनवर सर्व्हो मोटर जशी बॉलस्क्रूला (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला) थेट कपल केलेली असते, तसं थेट मोटरच्या शाफ्टवरचं स्टिअरिंग सगळ्यात स्पष्ट बोलतं, आणि किंमतही तशीच सांगतं. माझा सल्ला, तीन महिने कंट्रोलरवर काढ. तेवढ्यात हौस उतरली नाही तर गिअरवालं घे, वापरलेलं मिळालं तरी चालेल. मात्र घेण्याआधी पेडल हळूहळू दाबून स्क्रीनवर बघ. रेघ एकसारखी चढली पाहिजे. मी एक वापरलेलं न बघता उचललं होतं. भर स्टेजमध्ये ब्रेक आपोआप लागायचा. आतल्या पोटेन्शिओमीटरवर (पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या भागावर) धूळ होती, काँटॅक्ट क्लीनर मारून भागलं. तोवर मी स्वतःलाच शिव्या घालत होतो.

घरच्या बोलण्यांचं म्हणशील, तर डायनिंग टेबलला क्लॅम्प लावू नकोस. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी सनमायका उचकटला. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे भाजीत मीठ कमीच होतं. आता दुकानामागे दीड इंची अँगलचा सांगाडा वेल्ड करून घेतलाय, त्यावर भंगारातल्या ओम्नीची सीट. तुझ्या कारखान्यात वेल्डिंगवाला असेलच, चहावर काम होईल. पेडल फरशीवर घसरतात, त्यांना मागून भिंतीचा टेकू दे.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा तासन् तास रॅलीचे गेम खेळतो. म्हणतो, यानं मला खरी गाडी येईल. मला वाटतं, उलट बेदरकार होईल. कोणाचं बरोबर?
– एक आई, गंगापूर रोड

उत्तर : ताई, दोघांचंही थोडं थोडं. नजर लांब ठेवणं, पेडल हळुवार वापरणं, गाडी सुटली तरी स्टिअरिंगला घट्ट कवटाळून न बसणं, हे तो शिकेल. भीती शिकणार नाही. गेममध्ये गाय आडवी येत नाही, आणि चुकलं की बटण दाबून पुन्हा सुरू. कारचं लायसन्स अठरानंतरच, त्याआधी किल्ली त्याच्या हाती देऊ नका. अगदी सोसायटीच्या आवारातसुद्धा.

त्याला एक मात्र सांगा. खऱ्या रॅलीत दोन स्टेजच्या मधला रस्ता सगळ्यांसाठी खुला असतो आणि तिथे रॅलीच्या गाडीलाही सिग्नल पाळावा लागतो. पुढच्या तपासणी नाक्यावर उशिरा पोहोचलं तर दंड, आणि लवकर पोहोचलं तर त्याहून जास्त दंड. म्हणजे शहरात घाई करून रॅली हरता येते. आणि खेळ म्हणून यात पुढे काहीच नाही असंही समजू नका. गौरव गिल आशिया-पॅसिफिक रॅली तीनदा जिंकला आणि २०१९मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच. मात्र त्या वाटेला पैसा फार लागतो, हे मी दुकानदार म्हणून सांगतो.

प्रश्न : डोळ्यांवर लावायचा व्हीआर चष्मा घेतला. पाच मिनिटांत मळमळतं. परत करू का?
– देवळाली कॅम्प

उत्तर : लगेच नको. समोर टेबल फॅन लावा, पहिले आठ दिवस दहा-दहा मिनिटंच आणि डांबरी रस्त्यावरच चालवा, उड्या असलेले रस्ते नंतर. डोकं जड वाटलं की त्याच क्षणी काढा, सहन करत बसलात तर दुसऱ्या दिवशी नुसता चष्मा बघूनच पोटात ढवळेल. महिन्यानंतरही तेच असेल तर विकून टाका. आणि मिसळ खाऊन चष्मा लावू नका, माझं ते करून झालंय.